धीराचा श्रीगणेशा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-मेळाव्यात, वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुठल्याही कामाची सुरुवात म्हणजे त्या कामाचा श्रीगणेशा, असं आपण मराठी माणसं म्हणतो. आज मला शाळेविषयी बोलायचं आहे. पण अभ्यासाविषयी नाही, मार्कांविषयी तर मुळीच नाही. मला बोलायचं आहे शाळेच्या भीतीविषयी. ३१ वर्षं मी प्राथमिक वर्गांना शिकवलं. हुशार मुलं, खोडकर मुलं सगळ्यांच्या लक्षात राहतात. घाबरणारं मूल मात्र वर्गात कुणाच्या नजरेत भरत नाही, कारण ते कुणाला त्रास देत नाही. शिक्षक त्याला ‘शांत’ म्हणतात, नातेवाईक ‘गुणी’ म्हणतात, आणि आतल्या आत ते काय सोसत असतं याचा पत्ता कुणालाच नसतो.

हे मूल ओळखायचं कसं? रविवारी संध्याकाळपर्यंत ते सूरसागरच्या काठावर हुंदडतं आणि सोमवारी सकाळी पोट धरून बसतं. डॉक्टर तपासतात, काही निघत नाही. शाळेची वेळ टळली की पोट थांबतं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, “नाटकं आहेत नुसती!” मंडळी, ही नाटकं नसतात. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पचनाचं काम मंदावतं आणि पोटात खरोखरच कळ येते. दुखणं खरं असतं, फक्त त्याचं कारण पोटात नसतं. डॉक्टरांकडे एकदा न्यायलाच हवं. पण तिथं काही निघालं नाही तर “बघ, तुला काहीच झालेलं नाही” असं म्हणून विषय संपवू नये. विषय तिथून सुरू होतो.

आणखीही खुणा आहेत. डबा न उघडता परत येतो. एकच अक्षर खोडून खोडून वहीचं पान फाटतं. “उद्या कुठला तास आहे?” हे रात्री दहादा विचारलं जातं. काही मुलं रडत नाहीत, उलट चिडतात, बूट भिरकावतात. आपण त्यांना हट्टी म्हणतो. त्या रागाच्या खाली बहुधा भीती दडलेली असते.

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांना यात एक गोष्ट जास्तीची आहे. आपलं मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत गुजराती बोलतं आणि शाळेत इंग्रजी बोलायला शिकतं. तिन्ही भाषा पुढं त्याच्या कामी येतात, ही भाग्याची गोष्ट. पण पहिली-दुसरीत भीती सांगायची कुठल्या भाषेत? मित्राला ते ‘बीक लागे छे’ म्हणेल, आजीला ‘मला भ्या वाटतं’ म्हणेल; पण वर्गात बाईंना सांगायला त्याच्याजवळ शब्दच नसतो. लघवीला जायचं आहे हे इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून दिवसभर अवघडून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. सकाळपासून पाणी न पिणारीही पाहिली आहेत. आपल्याला वाटतं, मूल शाळेला घाबरतं. प्रत्यक्षात ते एका वाक्याला घाबरत असतं.

आपल्या भाषेत एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे: धीर. हिंमत दाखवायची असते. धीराचं तसं नाही. धीर दिला जातो, धीर धरला जातो आणि मग धीर येतो. द्यायचा मोठ्यांनी, धरायचा मोठ्यांनी, तेव्हा कुठं तो मुलाला येतो. या तीनच गोष्टींवर मी बोलणार आहे.

पहिली गोष्ट, धीर देणं. आपण तो साधारणपणे कसा देतो? “घाबरतोस काय? एवढा मोठा झालास!” “काही होत नाही!” “शेजारची ती बघ, तुझ्याहून लहान आहे!” हेतू चांगलाच असतो. पण मुलाला यातून एवढंच कळतं, की मला जे वाटतंय ते वाटायला नको होतं. मग भीतीच्या जोडीला लाजही येते आणि पुढच्या वेळी ते सांगणंच बंद करतं. त्याऐवजी म्हणावं, “भीती वाटतेय ना? ये, बस इथं. कुठं वाटतेय, पोटात की छातीत?” भीतीला नाव मिळालं की ती थोडी आवाक्यात येते. मग श्वास. लहान मुलाला प्राणायाम शिकवत बसायला नको. “बशीतलं गरम दूध फुंकून गार कर बघू,” एवढंच सांगावं. हळूहळू, लांबवर फुंकर. श्वास सोडायला घ्यायच्यापेक्षा जास्त वेळ लागला की धडधड खाली येते. चार-पाच फुंकरी पुरतात.

त्यानंतर विचारावं, “नेमकं कशाचं वाटतं?” उत्तर बहुतेक वेळा अगदी बारीक असतं. स्वच्छतागृहाची कडी लागत नाही. बसमध्ये कुणी शेजारी बसू देत नाही. डब्यातल्या भाकरीला हसतात. ‘शाळा’ केवढी मोठी, तिचं आपण काय करणार? पण कडीचं काहीतरी करता येतं.

इथं एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे. प्रत्येक भीती मनाची नसते. कुणी मारत असेल, कुणी अंगाला नको तिथं हात लावत असेल, मोठी मुलं पैसे हिसकावत असतील, तर ती भीती बरोबर आहे. तिथं मुलाला धीट करायचं नाही, धोका दूर करायचा. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलं आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. तो घरात भिंतीवर लावून ठेवा.

दुसरी गोष्ट, धीर येणं. तो एकदम येत नाही, पायरी पायरीनं येतो. याचा एक जुना, नोंदवलेला दाखला सांगते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो सशाला घाबरायचा. ससाच काय, कापूस, पिसं, फरचा कोट, सगळ्यालाच. बाईंनी त्याला उपदेश केला नाही. सशाला न घाबरणारी मुलं त्याच्याबरोबर खेळायला आणली. पुढं तो खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यातून आणला आणि लांब ठेवला. पीटर रडणार नाही एवढ्याच अंतरावर. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला.

या हकिगतीतला पुढचा तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. मध्येच पीटर तापानं आजारी पडला, बरेच दिवस रुग्णालयात होता. परत निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर झेपावला. पीटर घाबरला आणि परिचारिकाही घाबरली. कमावलेलं सगळं गेलं, भीती पहिल्यासारखी झाली. बाईंनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, आणि तो पुन्हा सावरला. म्हणजे मूल मागं गेलं तर सगळं फुकट गेलं असं नसतं. आणि दुसरं, मूल कुत्र्याकडे जेवढं पाहतं तेवढंच आपल्या चेहऱ्याकडेही पाहत असतं.

हेच शाळेत कसं करायचं? ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एका मुलाचं सांगते. पाचवीतला मराठी घरातला मुलगा. गुजरातीच्या तासाला उभा राहून धडा वाचत होता. ‘जमवा’ हा शब्द आला. गुजरातीत त्याचा अर्थ जेवायला. त्यानं त्यातला ‘ज’ आपल्या ‘जमणे’मधल्यासारखा उच्चारला. वर्ग हसला. हसणाऱ्यांच्या ते दुसऱ्या तासाला लक्षातही नव्हतं. हा मात्र दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, असे अकरा दिवस गेले. आई म्हणायची, “राहू दे, पोर किती रडतंय.” वडील म्हणायचे, “उचलून नेऊन सोडतो, दोन दिवसांत ताळ्यावर येईल.”

दोघांचंही प्रेमच होतं. पण दोन्ही वाटा चुकीच्या होत्या. घरी राहिलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. ते सुटणंच मुलाला शिकवतं, की घरी राहणं हाच उपाय. दर सुट्टीबरोबर शाळेचं फाटक आणखी उंच होतं. आणि फरफटत नेलं तर मूल वर्गात बसतं, पण त्याचा आपल्यावरचा विश्वास घरी राहतो.

आम्ही मधली वाट धरली. पहिले दोन दिवस संध्याकाळी, शाळा रिकामी असताना, वडिलांबरोबर मैदानात चेंडू खेळायचा. मग सकाळी नुसतं फाटकापर्यंत यायचं, वॉचमनकाकांना हात करायचा आणि घरी जायचं. मग एक तास ग्रंथालयात. मग चित्रकलेचा तास. मग अर्धा दिवस. वाचन आधी माझ्यासमोर एकट्यानं, मग एका मित्रासमोर. दरम्यान वर्गशिक्षिकेनं सगळ्या वर्गालाच एक गंमत सांगितली, की ‘ज’ आणि ‘च’ गुजरातीत एका तऱ्हेनं बोलतात, मराठीत दोन तऱ्हांनी. मुलं तासभर तेच उच्चार करत बसली. मध्ये एका सोमवारी सगळं पुन्हा कोसळलं. आम्ही दोन पायऱ्या खाली उतरलो आणि पुन्हा चढलो. दीड महिना लागला. एके दिवशी त्यानं वर्गात, आधीच ठरवलेल्या दोन ओळी वाचल्या. हातातलं पुस्तक तेव्हाही थरथरत होतं. वाचलं मात्र त्यानं.

भीती गेली म्हणून त्यानं वाचलं नाही. वाचलं, आणि मग भीती थोडी कमी झाली. क्रम असा असतो. भीती जाण्याची वाट बघत बसलो तर आपण बसूनच राहतो.

तिसरी गोष्ट, धीर धरणं. हे आपल्यासाठी. पीटरची परिचारिका आठवा. सकाळी डबा भरताना आईचाच जीव वरखाली होत असेल, फाटकाशी सोडताना बाबा चार वेळा वळून बघत असतील, तर मूल समजतं, आत नक्की काहीतरी भयंकर असणार. निरोप छोटा असावा, रोज सारखा असावा, आणि घ्यायला वेळेवर यावं. दिलेली वेळ पाळणं यासारखा धीर नाही.

आजी-आजोबांना माझी वेगळी विनंती आहे. नातवंडं तुमच्याकडे दुपारभर असतात. “आमच्या वेळी असं नव्हतं,” हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी तुम्ही कशाला घाबरत होता ते सांगा. गणिताच्या मास्तरांना, विहिरीत उडी मारायला, पहिल्यांदा एकट्यानं रेल्वेनं जायला. आणि मग काय केलंत, तेही सांगा. आजोबासुद्धा घाबरायचे हे कळल्यावर नातवाचा चेहरा कसा उजळतो, ते करून बघा.

आणि आपण सगळे. दिवाळीला, लग्नाला, इथं आरतीला मूल दिसलं की आपला पहिला प्रश्न, “कितवा नंबर?” ज्याचा पहिला आहे त्याला तो टिकवायची भीती, ज्याचा नाही त्याला उत्तर द्यायची भीती. या गणेशोत्सवात आपण दुसरं काही विचारू या का? “सध्या काय वाचतोस?” “मित्र कोण?” “शाळेत कशाची मजा वाटते?”

आता आशेविषयी थोडं. सी. आर. स्नायडर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आशेचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं साध्या शब्दांत असं: आशा म्हणजे नुसतं ‘सगळं छान होईल’ हे वाटणं नव्हे. कुठं जायचं ते ठाऊक असणं, तिथं जायच्या एकाहून जास्त वाटा दिसणं आणि त्या वाटेनं मी चालू शकेन असं वाटणं, म्हणजे आशा. दहावीचं मूल विचारतं, “नापास झालो तर?” आपण घाईनं म्हणतो, “अशुभ बोलू नकोस!” त्याचा ‘तर’ तसाच लोंबकळत राहतो. उत्तर द्या ना! एखाद्या विषयात राहिलं तर पूरक परीक्षा आहे. विज्ञान शाखा नाही मिळाली तर वाणिज्य आहे, डिप्लोमा आहे, आयटीआय आहे. आणि “काहीही झालं तरी त्या दिवशी संध्याकाळी आपण सगळे मिळून जेवणार आहोत,” हे स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्हाला ते गृहीतच वाटतं. मुलाला तसं वाटत नसतं.

काही वेळा घरचं प्रेम पुरत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मूल आठवडेच्या आठवडे शाळेत जात नसेल, झोप-जेवण उडालं असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं काही बोललं असेल, तर थांबू नका. असं बोलणं ‘नुसती धमकी’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. फोन विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. “लोक काय म्हणतील?” याचं उत्तर मी देऊन ठेवते: जे म्हणतील, त्यांच्या घरातही कुणीतरी रात्री जागं असतं.

या गावात हे बोलायला मला विशेष वाटतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. प्रजेचं मूल शाळेच्या दारापर्यंत आलं. आत गेल्यावर त्यानं भिऊ नये, ही पुढची पायरी. त्यासाठी भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, जिथं छडी नव्हती आणि धाकही नव्हता. आणि त्यांच्या हाताशी जाऊन उभ्या राहिल्या आपल्या ताराबाई मोडक. एक गुजराती, एक मराठी. पुढं ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला जे मूल शाळेत येऊ शकत नाही त्याच्या अंगणातच शाळा नेली. मुलाला आपल्यापर्यंत ओढायचं नाही, आपण त्याच्या पायरीपर्यंत उतरायचं. आपण दोन भाषांच्या मधे राहणारी माणसं. हा वारसा आपल्याला दोन्हीकडून मिळाला आहे.

शेवटी मंडळाला काही मागते. शाळा बदलणं आपल्या हातात नाही, हे व्यासपीठ मात्र आपलं आहे. परवा मुलांचा गुणदर्शनाचा कार्यक्रम आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना नंबर देऊ नका, सगळ्यांना सारखा खाऊ द्या. हातात कागद धरून बोलायची मुभा द्या. ज्याला एकट्यानं उभं राहायचं नाही त्याला चौघांत उभं करा, आणि ज्याला वर यायचंच नाही त्याला पडदा ओढायचं काम द्या. तीही पहिली पायरीच आहे. पुढच्या वर्षी तो कदाचित वर येईल. आणि कुणी मध्येच अडखळलं, विसरलं, तर समोर बसलेल्या आपण मोठ्यांनी एक करायचं. हसायचं नाही, घाईनं टाळ्या वाजवून त्याला खालीही पाठवायचं नाही. शांतपणे वाट बघायची. ते मूल डोळे वर करून आपल्याकडे बघेल. तेव्हा त्याला सगळ्या चेहऱ्यांवर एकच गोष्ट दिसली पाहिजे: सावकाश, आम्हाला घाई नाही.

गणपती बाप्पा मोरया!